पट, पानं आणि प्रश्न : खेळ बनवणारे आपलं ऐकतात का?

बैठ्या खेळांबद्दल या वेळी आलेल्या पत्रांपैकी सोलापूर शहरातली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आखडती केली आहेत, उत्तरं नाहीत.

मुलांना सुट्टीसाठी अडीच हजारांचा खेळ आणला. आठवड्यात पट मधोमध फुगून कमान झाली. शिवाय एक पान दोनदा आलंय आणि दुसरं गायब आहे. दुकानदार म्हणतात, कंपनीला कळवा. कळवून उपयोग होतो का?
*— पालक, होटगी रस्ता*

पानाबद्दल जरूर कळवा, नक्की उपयोग होईल. पटाबद्दल कळवूनही फारसं काही हाती लागणार नाही.

छापलेली शीट कापली की पानांचे गठ्ठे ठरलेल्या क्रमाने लावतात. एक गठ्ठा चुकीच्या जागी लागला की एक पान दोनदा येतं आणि दुसरं राहून जातं. भरलेला डबा वजन करून तपासतात, पण ६३ × ८८ मिलिमीटरचं ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम कागदाचं) पान जेमतेम १.७ ग्रॅम भरतं. सव्वा किलोच्या डब्यात काट्याला तेवढा फरक कळत नाही. तुमच्या डब्यात तर एक गेलं आणि एक जादा आलं, म्हणजे वजन बरोबरच. अख्खा कॅट राहिला तर तिथेच पकडला जातो, एकटं पान निसटतं. ही चूक सहसा एकाच डब्यात नसते, त्या बॅचच्या बऱ्याच डब्यांत असते. त्यामुळे कंपनीला असं पत्र हवंच असतं. एकाच पानाबद्दल तीन-चार पत्रं आली की कारखान्याला जाब विचारता येतो.

पत्रात खेळाचं नाव, आवृत्ती, डब्याच्या तळाशी छापलेला बॅच क्रमांक किंवा महिना-वर्ष आणि हरवलेल्या पानाचं नाव लिहा. सोबत दोन्ही जुळी पानं शेजारी ठेवून काढलेला फोटो, बिलाचा फोटो आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता द्या. मुलांचा किती हिरमोड झाला ते लिहिलंत तर एक सहानुभूतीचं वाक्य जास्त मिळेल, पान लवकर येणार नाही. भारतात विकायच्या बंद डब्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहकांसाठीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी तिथे लिहा. खेळ परदेशी असेल तर मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर सुट्या भागांची मागणी करायचा अर्ज आहे का, तेही पाहा. अमेरिकेतली स्टोनमायर गेम्स अशी सोय ठेवते. कुणीच दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि पुठ्ठ्याची चकती कमी पडली असेल, तर आधी ज्या चौकटीतून चकत्या काढल्या ती केरातून शोधा. बहुतेक वेळा ती चकती तिथेच अडकलेली सापडते.

आता पट. वरच्या, छापील बाजूवर प्लास्टिकचं लॅमिनेशन असतं आणि खालच्या बाजूला नुसता कागद. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खालचा कागद ओल सोडून आकसतो, वरची बाजू आकसत नाही, म्हणून मध्य वर येतो. दमट किनारपट्टीवर नेमकं उलट होतं, कडा उचलल्या जातात. पट उलट्या बाजूला हलक्या हाताने वाकवा आणि दोन दिवस जड पुस्तकांखाली ठेवा. पाणी मारू नका, इस्त्री फिरवू नका. पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका. नवा डबा आणला की झाकण उघडून दिवसभर घरच्या हवेत राहू द्यावा, मगच पट मांडावा. अशा तक्रारी बऱ्याच आल्या की प्रकाशक पुढच्या छपाईत जाड पुठ्ठा घेतात किंवा दोन्ही बाजूंना सारखं आवरण देतात. पण तो फायदा पुढच्या गिऱ्हाइकाला, तुम्हाला नाही.

आमच्या घरी ऊनोमध्ये ‘+२’ वर ‘+२’ टाकतात. भाचा म्हणतो, नियमात नाही. एवढी घरं असं खेळतात, तर कंपनी नियम का बदलत नाही?
*— बाळीवेस*

भाचा बरोबर आहे. ‘+२’ पडलं की पुढच्याने दोन पानं उचलायची आणि त्याची पाळी जाते. २०१९ मध्ये ऊनोच्या अधिकृत खात्यावरून हेच जाहीर सांगितलं, तेव्हा जगभर हलकल्लोळ झाला. मूळ नियम तसाच राहिला. पण २०२३ मध्ये त्याच मॅटेल कंपनीने ‘शो एम नो मर्सी’ नावाचा वेगळा कॅट काढला. त्यात पानावर पान चढवायची रीतसर मुभा आहे आणि हातात २५ पानं झाली की खेळाडू बाद.

प्रकाशकाच्या वागण्याचा हा नमुना आहे. लाखो घरांत पडलेल्या कॅटचा नियम बदलला तर जुना कॅट घेऊन बसलेल्यांत आणि नवा घेऊन आलेल्यांत भांडण लागणार. म्हणून जुन्याला हात न लावता मागणी वेगळ्या डब्यात विकायची. याला ऐकणं म्हणायचं की धंदा? दोन्ही. मोनोपोलीच्या सोंगट्यांसाठी हॅस्ब्रोने २०१३ मध्ये लोकांची मतं मागवली, इस्त्री गेली आणि मांजर आलं. २०१७ मध्ये अंगुस्तान, ढकलगाडी आणि बूट गेले, त्यांच्या जागी डायनासोर, रबरी बदक आणि पेंग्विन आले. सोंगटी कुठलीही असली तरी खेळ तोच राहतो, त्यामुळे असं मतदान प्रकाशकाला स्वस्तात पडतं. खेळाच्या गाभ्याबद्दल मतदान सहसा कुणी घेत नाही.

उलट उदाहरणही आहे. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने २०१५ मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ हा छोट्या पुतळ्यांच्या सैन्यांचा लढाईचा खेळ काढला, त्यात सैन्य मोजायचे गुणच दिले नव्हते. ज्याला जेवढं हवं तेवढं सैन्य मांडा. दोन्ही बाजू तुल्यबळ कशा ठरवायच्या, हे कुणाला कळेना. खेळाडूंनी आपापले गुणतक्ते बनवून वापरायला सुरुवात केली. २०१६ मध्ये कंपनीने स्वतःचं गुणांसह पुस्तक काढलं. लोक आपल्या नियमांऐवजी दुसऱ्याचा तक्ता वापरू लागले, हे प्रकाशकाला नुसत्या नाराजीपेक्षा लवकर उमगतं.

गिऱ्हाईक खेळ हातात घेतं, मग मोबाइलवर तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीची नक्कल दाखवतं. प्रकाशकांना ही स्पर्धा दिसत नाही का? किमती का उतरवत नाहीत?
*— खेळण्यांचे दुकानदार, नवी पेठ*

दिसते. पण किंमत उतरवणं त्यांना वाटतं तितकं सोपं नसतं. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा : डबा तयार होऊन गोदामात पडेपर्यंत दोनशे रुपये लागले, तर छापील किंमत हजाराच्या आसपास, म्हणजे पाचपट. घाऊक वितरक तो चारशेच्या आसपास घेतो, तुमच्यापर्यंत येतो तेव्हा पाचशे ते सहाशे. प्रकाशकाकडे उरलेल्या दोनशेत चित्रकार, खेळकर्त्याचं मानधन, जाहिरात, फुटके डबे आणि पुढच्या छपाईचं भांडवल. हेच गणित उलटं वाचा. ‘प्लास्टिकऐवजी लाकडी सोंगट्या द्या’ या सूचनेने कारखान्यात वीस रुपये वाढले, तर तुमच्या काउंटरवर शंभर वाढतात. गिऱ्हाइकाची सूचना मान्य असूनही ती का अमलात येत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा या पाचच्या आकड्यात असतं.

म्हणून जाणते प्रकाशक तोच डबा स्वस्त करत नाहीत, वेगळा डबा बनवतात. ‘ग्लूमहेवन’ हा २०१७ चा खेळ दहा किलोच्या आसपासचा, अमेरिकेत तेव्हा १४० डॉलरचा. तक्रारी दोनच : महाग, आणि मांडायलाच अर्धा तास. २०२० मध्ये त्याच घरातून ‘जॉज ऑफ द लायन’ आला. त्यात पुठ्ठ्याचे सुटे नकाशे काढून स्पायरल वहीच्या पानांवरच पट छापला आणि पहिल्या पाच प्रसंगांत नियम थोडे थोडे शिकवले. किंमत तेव्हा ५० डॉलरच्या घरात. सुटे नकाशे गेले तसा मांडणीचा वेळ वाचला, आणि पात्रं नि प्रसंगही कमी ठेवल्याने किंमत उतरली.

नक्कल ओळखायला गिऱ्हाइकासमोर तीन गोष्टी करा. दोन पानं पाठमोरी धरून रंगछटा जुळते का पाहा, एक पान दिव्यासमोर धरून आरपार दिसतं का पाहा, आणि डब्यावर उत्पादकाचा पत्ता शोधा. नकली डब्यावर बहुधा तोच नसतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पत्ते, बुद्धिबळ, कॅरम, लुडो असल्या खेळांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या बिलावर मागवलेला माल असेल तर किंमत तपासून घ्या.

यंत्रमागावर बेतलेला पत्त्यांचा खेळ बनवतोय. ताणा आणि बाणा जुळवून चादर पुरी करायची, ३ ते ५ खेळाडू, ६० पानं. नातेवाईक ‘छान आहे’ म्हणतात. पुढे काय करू? आणि कुणी नक्कल केली तर?
*— अक्कलकोट रस्ता*

‘छान आहे’ ऐकून काहीच कळत नाही. तुम्हाला न ओळखणारी माणसं बसवा, त्यांच्यापुढे डबा आणि नियमांचा कागद ठेवा आणि गप्प राहा. विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, ‘कागदात पाहा’ एवढंच. कुठल्या क्षणी कागद उघडला, पहिली चुकीची चाल कोणती झाली, पहिला डाव किती मिनिटांत संपला, हे लिहून ठेवा. शेवटी ‘आवडला का’ विचारू नका. ‘अजून एक डाव लावता का’ विचारा आणि हात घड्याळाकडे जातो की पानांकडे, ते बघा. तुमच्या खेळाला एक खास पथ्य : निम्मे खेळाडू असे घ्या ज्यांनी माग कधी पाहिलेला नाही. बाणा म्हणजे आडवा धागा, हे सोलापुरात सांगावं लागत नाही; साताऱ्यात लागेल.

तिघांचे, चौघांचे आणि पाचांचे डाव वेगवेगळे मोजा. चौघांच्या वीस डावांत प्रत्येक जागेला साधारण पाच विजय यायला हवेत. सुरुवात करणारा नऊ वेळा जिंकला तर तो योगायोग नसण्याची शक्यता बरीच आहे. त्याला सुरुवातीला एक पान कमी द्या आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केलेत तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

तक्रार खरी धरा, सुचवलेला उपाय मात्र तसाच उचलू नका. समजा तिघांनी सांगितलं, ‘बाण्याची चार पानं वाढवा.’ त्यांना खटकलंय ते हे, की तीन-तीन पाळ्या हातात कामाचं पान येत नाही. पानं वाढवण्याऐवजी टेबलावर तीन पानं उघडी ठेवा आणि ‘गड्डीतलं किंवा उघड्यातलं’ अशी निवड द्या. रखडणं थांबेल आणि छपाईचा खर्च तोच राहील.

छपाईचा खर्च म्हणतो, कारण तुमचा ६० हा आकडाच अडचणीचा आहे. २० × ३० इंची शीटवर ६३ × ८८ मिलिमीटरचं पान, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) धरून, ७ × ८ म्हणजे ५६ वेळा बसतं, तेही घट्ट. उरलेल्या चार पानांसाठी दुसरी शीट, दुसऱ्या प्लेट, दुसरं कटिंग. ५४ पानांचा खेळ करा आणि दोन जागा नियमांच्या सारांशाला ठेवा. आधी छापखान्यात जाऊन त्यांच्या मशीनला कोणती शीट चालते आणि ग्रिपरला, म्हणजे कागद पकडणाऱ्या चिमट्याला, किती जागा लागते ते विचारा, मग पानांची संख्या पक्की करा. बहुतेक नवखे हे उलट्या क्रमाने करतात.

कागद ३०० ते ३१० जीएसएम. मधे काळा थर असलेला खास पत्त्यांचा कागद मिळाला तर उत्तम. साध्या आर्ट कार्डवर भागवायचं असेल तर पाठीची नक्षी गडद आणि भरगच्च ठेवा, म्हणजे आरपार दिसणार नाही. पाठीला बारीक पांढरी किनार नको. कटिंग एक मिलिमीटर सरकलं तरी पान खुणेचं होतं. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करा. एका बाजूला केलं की आपल्या हवेत पान पन्हाळीसारखं वळतं. नमुन्याचा कॅट चार दिवस कपाटाच्या वर ठेवून पाहा. ५०० कॅट हवे असतील तर मशीन लागेपर्यंतची आणि कटिंगमधली खराबी धरून साडेपाचशे शीटचा कागद धरा. कोपरे गोल करायचा डाय, म्हणजे कापायचा साचा, वेगळा लागतो, दर विचारताना तो धरला आहे का ते स्पष्ट विचारा.

गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावायचा विचार असेल तर मकर संक्रांतीपासून मागे मोजा. दिवाळीआधी छापखाने दिवाळी अंकांत आणि त्यानंतर कॅलेंडर-डायऱ्यांत बुडालेले असतात. फाइल सप्टेंबरअखेर हातात द्या. आणि डब्यावर ‘८+’ छापण्याआधी बीआयएसकडे (भारतीय मानक ब्युरो) चौकशी करा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

नक्कलेबद्दल : खेळाच्या पद्धतीचं पेटंट भारतात मिळत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ (एम) मध्ये खेळ खेळण्याची पद्धत सरळ वगळलेली आहे. तुमची चित्रं, तुमच्या शब्दांत लिहिलेले नियम आणि नाव एवढंच राखता येतं. कोलकात्याच्या दोघा भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा ऑनलाइन खेळ काढला, तेव्हा मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ च्या निकालात स्क्रॅबलच्या पटावर कॉपीराइट मानला गेला नाही, पण नाव फसवण्याइतकं जवळचं आहे म्हणून ते वापरायला मनाई झाली. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर ते ट्रेडमार्कवर घाला. आणि नावात नुसतं ‘सोलापुरी चादर’ ठेवू नका, ते सगळ्यांचं आहे.

आम्ही कॉलेजातले सहा जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतो. मराठीत स्वतःचं साहस, म्हणजे त्यात खेळायचं कथानक, लिहून पुस्तिका विकायची आहे. २०२३ मध्ये परवान्यावरून काहीतरी गोंधळ झाला होता म्हणे. आता चालतं का?
*— विजापूर रस्ता*

चालतं, आणि त्या गोंधळामुळे उलट जास्त निर्धास्तपणे.

हा खेळ काढणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी २००० पासून खुल्या परवान्यावर आपले मूळ नियम इतरांना वापरू देत होती. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीसोबत तिने जाचक अटींचा वेगळा परवाना आणला. तोवर तिच्याच खेळासाठी साहसं छापणाऱ्या पायझोने जुने नियम घेतले आणि २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ बाजारात उतरवला. जुना गिऱ्हाईकवर्ग बराचसा तिकडे वळला. पाचवी आवृत्ती काढताना मात्र विझर्ड्सने २०१२ पासून दोन वर्षं मसुदे खेळाडूंच्या हाती देऊन मतं घेतली, मग २०१४ मध्ये ती आणली.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात मोठ्या विक्रीवर हिस्सा मागितला होता आणि जुना परवाना रद्द धरला होता. लोकांनी निषेध तर केलाच, पण कंपनीच्या ऑनलाइन सेवेची सदस्यत्वंही रद्द केली. पायझोने इतर प्रकाशकांना घेऊन ‘ऑर्क’ नावाचा पर्यायी परवाना जाहीर केला. सुधारित मसुद्यावर कंपनीने मतं मागवली तर पंधरा हजारांहून जास्त आली, बहुतेक विरोधात. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे श्रेय दिलं की कुणीही वापरावा असा, खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही.

तुमच्यासाठी अर्थ असा. एसआरडी ५.१ मधलं काहीही वापरा, भाषांतर करा, विका. फक्त त्या संचात दिलेली श्रेयाची ओळ पुस्तिकेत छापा. खेळाचं नाव आणि बोधचिन्ह मुखपृष्ठावर घेऊ नका, ते ट्रेडमार्क आहेत. ‘पाचव्या आवृत्तीच्या नियमांशी जुळणारं’ असं लिहा. आणि संचात नसलेले राक्षस नुसते आठवणीवर विसंबून घेऊ नका, एकेक नाव शोधून तपासा. भुईकोट किल्ल्याच्या खंदकात स्वतःचा राक्षस सोडलात तर तोही प्रश्न उरत नाही.

घरी आम्ही मराठी बोलतो, आजेसासूबाई तेलुगू आणि शेजारची मुलं कन्नड. इंग्रजी पानांचे खेळ सगळ्यांना जमत नाहीत. मराठी आवृत्ती मागितली तर मिळेल?
*— साखरपेठ*

एकटीने मागून मिळणं कठीण, कारण छपाईचं गणित. चार रंगांच्या छपाईत मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवला असेल तर भाषा बदलताना तेवढी एक प्लेट बदलते, बाकी तीन तशाच राहतात. तरीही कारखाने एका भाषेच्या सहसा हजार-दीड हजार प्रती तरी मागतात. तेवढं गिऱ्हाईक मराठीत आहे हे कुणी दाखवून दिलेलं नाही, म्हणून प्रकाशक थांबतात.

तोवर पानांवर मजकूर नसून चिन्हं असलेले खेळ निवडा. ‘तिकीट टू राइड’ या आगगाड्यांच्या खेळात बहुतेक पानांवर गाडीच्या डब्यांचे रंग ओळखता आले की पुरतं, आणि रंगासोबत पानावर वेगळं चिन्हही असतं; शहरांची नावं तेवढी वाचून दाखवावी लागतात. त्याच्या नकाशांच्या दुसऱ्या संचात भारताचाही नकाशा आहे. रंगांध माणूस घरात असेल तर हीच गोष्ट डब्यावर तपासा. याच गरजेपोटी ऊनोचा रंगचिन्हं असलेला ‘कलरॲड’ कॅट २०१७ मध्ये निघाला.

नियम मराठीत करून प्रकाशकाला पाठवता येतात. बरेच जण वाचकांनी केलेली भाषांतरं आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. आधी एक ओळीचं पत्र लिहून परवानगी घ्या, मूळ पुस्तिकेची कितवी आवृत्ती वापरली ते नोंदवा आणि पानांवरचे मूळ इंग्रजी शब्द मराठी शब्दांशेजारी देवनागरीत ठेवा, म्हणजे खेळताना पान आणि नियम जुळतात.